आधी बाहेरचा चौक उघडा

पत्र: "खटाव तालुक्यात आमचा सासरचा वाडा आहे. दोन चौकी, दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, निम्म्या भागावर माळवद (मातीचं सपाट छप्पर), निम्म्यावर पत्रे. मागे खळं, विहीर आणि आमराई धरून सहा एकर जमीन. सासरे गेल्या वर्षी वारले. सासूबाई (वय ७८) तिथेच राहतात, सोबतीला पागेत राहणारं एक जोडपं आहे. आम्ही पुण्यात, धाकटे दीर कॅनडात, नणंद सांगलीला. दुरुस्तीपायी वर्षाला दीड-दोन लाख जातात आणि तरी दर पावसाळ्यात काहीतरी पडतंच. पुण्याचे एक इव्हेंटवाले दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने वाडा मागत आहेत. पुढच्या चौकावर छत घालून एसी हॉल, माडीवर संगीत-मेंदी, आमराईत लॉन, असा त्यांचा बेत. मिस्टर म्हणतात, भाड्याने कशाला, आपणच साठ लाखांचं कर्ज काढून ग्रामीण पर्यटन आणि लग्नसमारंभ सुरू करू, तू नोकरी सोडून ते बघ. सासूबाई म्हणतात, 'मी डोळे मिटेपर्यंत थांबा.' काय करावं?"
देशमुखांची थोरली सून, पुणे

सूनबाई,

पत्र दोनदा वाचलं. त्यात कर्जाचा आकडा आहे, इव्हेंटवाल्यांचा बेत आहे, पत्र्यांचाही उल्लेख आहे. पाहुणे मुक्कामाला असतील त्या रात्री घरचं कोण वाड्यात झोपणार, हे मात्र कुठे सापडलं नाही. तुम्ही नोकरी सोडून 'बघणार' म्हणजे पुण्यातून बघणार की खटावात राहून? साडेतीन तासांच्या अंतरावरून वाडा चालत नाही. रात्री अकराला मोटर जळते, पाहुण्यांच्या लेकराला ताप भरतो, न्हाणीत साप निघतो, आणि फोनवरून यातलं काहीच निस्तरता येत नाही. मी भोरकडच्या आमच्या माहेरच्या वाड्यात अकरा वर्षं पाहुणे घेते आहे. त्यातली पहिली दोन वर्षं पुण्यात बसून घेतली. त्या दोन वर्षांत काय काय झालं ते पुढे येईलच.

माझं मत आधीच सांगून टाकते. भाडेपट्टा करू नका. साठ लाखांचं कर्जही काढू नका. बाहेरच्या चौकातल्या तीन खोल्या नीट करा, पाहुण्यांना जेवू घाला, आणि समारंभ घ्यायचे तर साठ-सत्तर माणसांचे, दिवसाउजेडी आटपणारे घ्या. मोठं लग्न घ्यायचंच झालं तर खळ्यावर घ्या, वाड्यात नाही. तेही वर्षाकाठी चार-दोनच.

तुमचा वाडा मी पाहिलेला नाही, पण दोन चौकी म्हटल्यावर तो बराचसा डोळ्यांपुढे येतो. दिंडी दरवाजातून वाकून आत गेलं की देवडी, पहारेकऱ्याचा ओटा. मग पहिला चौक आणि भोवतीचा सोपा. कारकून, सावकार, वाटसरू, गाऱ्हाणं घेऊन आलेलं कुळ, सगळे इथवरच यायचे. पुढच्या दारातून जायला घरच्यांचं बोलावणं लागायचं. आतल्या चौकात माजघर, देवघर, कोठी, बाळंतिणीची खोली. त्याच्या मागे परसू, आड, न्हाणी. आणि गर्दीचं जे काही असेल, म्हणजे धान्याच्या राशी, बलुत्याचं वाटप, लग्नाच्या पंगती, ते खळ्यावर. कोणाला कुठवर येऊ द्यायचं हे बांधणाऱ्यानेच ठरवून ठेवलेलं आहे. तुम्हाला नवा आर्किटेक्ट लागेल तो भिंती सांभाळायला. माणसांची मांडणी वाड्यात आयती आहे.

म्हणूनच सासूबाईंचं 'थांबा' मला इतकं आडमुठं वाटत नाही. त्यांच्यापुढे आत्तापर्यंत जे आलंय ते एसी हॉल आणि माडीवरचा नाच. त्यांना असं सांगून बघा: आतला चौक तुमचा, मधल्या दाराला अडसर तुमच्या हातचा, बाहेरच्या चौकात शनिवार-रविवारी दोन-तीन कुटुंबं. आणि हेही विचारा की कोणती खोली कधीच द्यायची नाही. माझ्या आईने एक खोली सांगितली. त्यात आजीचं जातं, तिची पत्र्याची ट्रंक आणि बाकी नुसता काळोख. आम्हाला ती खोली सहज देता आली असती, सगळ्यात गार तीच. अकरा वर्षं बंद आहे. त्या एका कुलपाच्या बदल्यात आईने बाकीच्या वाड्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

आता तो एसी हॉल. पांढऱ्या मातीची भिंत ओल पिते आणि वाळवते, पुन्हा पिते आणि वाळवते. तिला वाळायला चौकातलं ऊन-वारं लागतं. चौक झाकला, दारं-खिडक्या बंद करून एसी लावला, की ओल जाणार कुठे? आम्ही चौक झाकला नव्हता, पण त्याच जातीचा मूर्खपणा केला होता. पहिल्याच वर्षी सोप्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला. झकास दिसत होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एके ठिकाणी भिंत फुगलेली दिसली, तव्यावरच्या भाकरीसारखी. बोटाने टकटक केलं तर पोकळ आवाज. गवंड्याने थापी घातली तशी हातभर खपली एकसंध खाली आली आणि मागची माती शिऱ्यासारखी ओली. सिमेंटने ओल आत कोंडून धरली होती आणि भिंत आतून विरघळत चालली होती. शेवटी शेजारच्या गावातला सत्तरीचा एक गवंडी मिळाला, ज्याने लहानपणी वडिलांबरोबर घाणीचा चुना मळला होता. हिरडा, गूळ, बारीक वाळू आणि भिजलेला चुना. त्याने सगळं सिमेंट खरवडायला लावलं. खर्च दुप्पट झाला, कारण आधी लावायचे दिले होते, मग काढायचे दिले. तुमच्या दर वर्षीच्या दीड-दोन लाखांत सिमेंट किती जातं ते एकदा बिलं काढून बघा. 'दर पावसाळ्यात काहीतरी पडतंच' याचं कारण तिथे असण्याची दाट शक्यता आहे. दुसरी जागा म्हणजे तुळयांची भिंतीत गेलेली टोकं. वाळवी तिथूनच सुरू होते, वरून सागवान धडधाकट दिसतं. सुताराला सांगून प्रत्येक टोकाला पटाशी टोचून बघा.

माडीवरच्या संगीत-मेंदीला तर साफ नाही म्हणा. घरातल्या मजल्यासाठी चौरस मीटरला २०० किलो भार धरतात, माणसं मोकळी जमतात-नाचतात अशा सभागृहासाठी ५०० किलो. हे आजच्या नव्या बांधकामाचे आकडे झाले. तुमचा कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचा मजला, घरच्या माणसांसाठी घातलेला आहे, आणि त्यानंतर पिढ्यान्पिढ्या त्याने पाऊस आणि वाळवी खाल्ली आहे. ऐंशी माणसं एका ठेक्यावर उड्या मारतात तेव्हा नुसत्या वजनाचा प्रश्न राहत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा कागद हातात येईपर्यंत माडीवर एका वेळी दहाच्या वर माणूस नको, बैठकीलासुद्धा.

लग्नांचा मोह मला कळतो. एका दिवसात हातात येणारी रक्कम मिळवायला खोल्यांना दोन महिने लागतात. आमच्याकडे पहिलं लग्न झालं ते आम्ही पुण्यातून बघत होतो त्याच काळात. सहाशे माणूस. डेकोरेशनवाल्याने झिरमिळ्या बांधायला सागवानी खांबांत खिळे ठोकले. दुसऱ्या दिवशी मी पक्कड घेऊन बसले आणि मोजत मोजत काढले: एकशे सतरा. केटररच्या बायकांनी भांडी आडाच्या काठावर घासली, तेलकट पाणी आत झिरपलं आणि पुढे महिनाभर आडाच्या पाण्यावर तवंग येत होता. यजमान भले होते, वाईट कोणीच नव्हतं. पण वाडा हा कुणाचं तरी घर आहे हे तिथे कोणाला सांगायला घरचं माणूस उभंच नव्हतं. ते माझं चुकलं.

तुमच्याकडे त्यात पाण्याची भर आहे. खटाव-माण म्हणजे पर्जन्यछायेचा पट्टा, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात खरे, पण माणसांना सवड एप्रिल-मेमध्ये, शाळांना सुट्ट्या लागल्यावर. म्हणजे विहिरीचा तळ दिसायला लागतो नेमका तेव्हाच तुमचा धंदा भरात. हॉटेलात एका खाटेमागे दिवसाला १८० लिटर पाणी धरावं असं आपलं मानक सांगतं. तीन खोल्यांत नऊ माणसं धरली तर सोळाशे लिटर. ते विहीर देईल. पाचशे माणसांच्या लग्नाला जेवण, भांडी आणि शौचालयं मिळून माणशी चाळीस लिटर धरले तरी वीस हजार लिटर झाले, म्हणजे दहा हजारांचे दोन टँकर. मे महिन्यात गावातल्या बायका हंडे घेऊन रांगेत आणि देशमुखांच्या वाड्यावर टँकर रिकामे होताहेत, हे दृश्य गाव विसरत नाही. मग पुढच्या खेपेला रस्त्यावर कोणीतरी बैलगाडी आडवी लावतं.

आवाजाचं वेगळं सांगायला नको, पण वऱ्हाडी मंडळी विचारतातच म्हणून: ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सरकार सणावारी जी सूट देतं ती वर्षातल्या मोजक्या दिवसांची, तुमच्या पाहुण्यांच्या हळदीसाठी नव्हे. आणि वाड्याच्या आत अनार, थंड म्हणवणारी फटाक्यांची कारंजी, मशाली यांतलं काहीही नको. १८२८ साली शनिवारवाड्याला आग लागली ती कित्येक दिवस धुमसत होती. आज आपण तिथे तटबंदी आणि जोतीच बघायला जातो. लाकडी वाड्यात आचाऱ्याची शेगडीसुद्धा खळ्यावरच.

मग समारंभ कोणते? साठीशांत. सहस्रचंद्रदर्शन. मुंज, बारसं, पन्नासाव्या लग्नाचा वाढदिवस, शाळेच्या जुन्या वर्गाचं संमेलन. यांत माणसं साठ-सत्तर, वयाने पिकलेली, सकाळी येणारी, पंगतीला मांडी घालता आली नाही तरी पाट-रांगोळी बघून हरखणारी, आणि संध्याकाळी सहाला परतणारी. डीजे मागत नाहीत. सोप्यात बसतात, झोपाळ्यावर फोटो काढतात, जाताना कुरवड्या आणि लोणचं विकत नेतात. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये हे समारंभ मावत नाहीत आणि मंगल कार्यालयात ओकेबोके वाटतात. सत्तर माणसांना चौकातल्या चौकात जेवू घालणं ही तुमच्या वाड्याची मूळची ताकद आहे. आमच्याकडे आता वर्षाला दहा-बारा असे दिवस होतात आणि वाड्याला ओरखडा येत नाही.

कर्जाचं गणित मिस्टरांपुढे असं मांडा. साठ लाख, दहा टक्के, दहा वर्षं: हप्ता महिन्याला ७९ हजारांच्या वर, म्हणजे वर्षाला साडेनऊ लाख. आता आवक. वर्षात शुक्रवार-शनिवारच्या रात्री १०४. निम्म्या भरल्या असं धरू, नव्या जागेला ते भरपूरच आहे. तीन खोल्या, ३,५०० रुपये भाडं: ५ लाख ४६ हजार. सहा खोल्या केल्या तर त्याची दुप्पट, १० लाख ९२ हजार. म्हणजे हप्ता भागवून लाख-दीड लाख उरतील आणि त्यात दोन माणसांचे पगार, वीज, धुलाई, गिलावा. म्हणजे लग्नं घ्यावीच लागणार. हप्ता वाड्याला मंगल कार्यालय करायला लावतो तो असा. तसं कोणी ठरवलेलं नसतं. बिनकर्जाच्या तीन खोल्या आणि जेवणाचे पैसे यांतून पहिली तीन-चार वर्षं फार तर दुरुस्तीचा खर्च आणि माणसांचे पगार निघतील. तेवढ्यासाठी तुम्ही पुण्यातली नोकरी सोडायची की नाही, हा प्रश्न तुमचा. मी असते तर आधी एक वर्ष बिनपगारी रजा मिळते का ते विचारलं असतं. मिस्टरांनी नोकरी सोडून तिथे जाण्याचा पर्याय पत्रात का नाही, हेही मनात आलं. पण ते जाऊ दे.

मोठ्या भांडवलावर हे होतं, नाही असं नाही. सासवडजवळच्या जाधवगडाचं, म्हणजे पिलाजीराव जाधवरावांच्या १७१० सालच्या गढीचं, हॉटेल झालं. पण त्यामागे हॉटेलच्या धंद्यातली कंपनी आहे. तुम्हाला जवळची दोन उदाहरणं दुसरीकडची. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही घरची मंडळी राहतात, दरबार हॉलमध्ये कारागीर गंजिफा, म्हणजे जुन्या धाटणीचे हाताने रंगवायचे गोल पत्ते, रंगवत बसतात, आणि आवारातल्या मोजक्या खोल्या गंजिफाच्याच चित्रांनी सजवून पाहुण्यांना देतात. गोव्यात केपेला डीनचा (चर्चमधल्या वरिष्ठ धर्मगुरूचा) राजवाडा आहे, १७८७ सालचा. एका जोडप्याने तो पडीक अवस्थेतून उभा केला. तिथे मालक स्वतः घर दाखवतात आणि आधी कळवलं तर जेवू घालतात. दोन्हीकडे वाड्याला त्याचं स्वतःचं काहीतरी आहे, एकीकडे गंजिफा, दुसरीकडे बाग आणि जेवण. तुमच्याकडे काय आहे?

तुम्ही महाबळेश्वरच्या वाटेवर नाही, हे धरून चला. वाई-मेणवलीचा घाट, कास, पाचगणी, हा सगळा ओघ पश्चिमेकडे आहे. तुमच्या तालुक्याकडे वाट वाकडी करून यायचं तर कारण पाहिजे. औंध हे मोठं कारण आहे आणि पुण्यातल्या निम्म्या लोकांना औंध म्हटलं की विद्यापीठापलीकडचं औंधच आठवतं. यमाईचा डोंगर, आणि औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलेलं चित्रसंग्रहालय, जिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. खेड्यातल्या संग्रहालयात ती बघायला मिळतात हे सांगितलं की मुंबईचे चित्रकार, शाळांचे कलाशिक्षक गाडी काढतात. संस्थानाने १९३९ साली गावकऱ्यांच्या हाती कारभार दिला, तो औंधचा प्रयोग सांगणारं घरात कोणी असेल तर रात्रीच्या जेवणानंतर तासभर सहज जातो. हिवाळ्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा. आणि जेवण! सासूबाईंच्या हातचे हुलग्याचे शेंगोळे, माडगं, बाजरीची भाकरी, खर्डा. कृपा करून पनीर बटर मसाला ठेवू नका. पाहुणे पहिल्या दिवशी विचारतात, दुसऱ्या दिवशी विसरतात. पण भाकऱ्या सासूबाईंनी थापायच्या नाहीत, आणि एकट्या तुम्हीही नाही. गावातल्या दोन-तीन बायका रोजावर घ्या. सासूबाईंनी पाटावर बसून 'मीठ कमी पडलंय' एवढंच म्हणायचं.

न्हाणीघरांबद्दल एकच सांगते. मातीच्या भिंतीतून पाण्याचा पाइप नेऊ नका. 'अटॅच्ड' हवं म्हणून कोठीची खोली तोडून संडास करतात आणि चार वर्षांत ती भिंत बसते. परसाच्या बाजूला, जुन्या जोत्याला न चिकटवता, वेगळ्या पायावर तीन न्हाणीघरं बांधा आणि तिथवर छप्पर असलेली वाट काढा. सेप्टिक टाकी विहिरीपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या, उताराच्या बाजूला. रात्री पाच-सात पावलं चालावं लागतं म्हणून आजवर आमचा एकही पाहुणा परत गेला नाही.

कागदपत्रांचं काम मात्र सगळ्याच्या आधी, आणि इथे मला तुमच्या पत्रातलं मौन जरा खटकलं. नणंद सांगलीला असतात, एवढंच लिहिलंय. त्यांचा हिस्सा आहे हे धरलंय ना? सासऱ्यांमागे सासूबाई, दोन मुलगे आणि मुलगी, सगळेच वारस. आणि सासऱ्यांना बहीण होती का? सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर सासऱ्यांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असं लिहिलेलं असेल तर ते एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून लावलेलं नाव; त्याने ते एकटे मालक होत नाहीत. मुलींना सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या हिस्सेदार, म्हणून जन्मापासून हक्क आहे आणि त्यासाठी वडील २००५ साली, कायदा बदलला तेव्हा, हयात असायला हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. भाऊबीजेला साडी देऊन हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आपल्याकडची पद्धत मला मुळीच मान्य नाही. वाड्याला पाहुणे लागले की सगळ्यांनाच वाडा आठवतो आणि मग दिवाणी कोर्टात वीस वर्षं जातात. नणंदेला, आतेसासूबाई असतील तर त्यांना, आणि कॅनडातल्या दिरांनाही आत्ताच बसवा. नोंदणीकृत वाटणीपत्र करा किंवा सगळ्यांची भागीदारी. निदान नणंदेची एक खोली आणि वर्षातले पंधरा दिवस लेखी ठरवा.

दुसरं म्हणजे जमीन. देशमुखी ही परगणा वतनं. ती १९५० च्या कायद्याने गेली. त्याच काळात कुळकायदा आणि पुढे १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा. वाडा बांधला तेव्हा त्याच्या पोटाला गावोगावचं उत्पन्न होतं. आता सहा एकर आहेत, म्हणून तर दुरुस्ती जड जाते. पण त्या सहा एकरांचा सातबारा काढून भोगवटादार वर्ग १ (मोकळ्या मालकीची) आहे की २ (सरकारी अटींची) ते बघा. वतनाची जमीन सरकारने पुन्हा तुम्हालाच दिलेली असेल तर वर्ग २ असू शकते, आणि मग तिच्यावर काही करायला, अगदी भाड्याने द्यायलासुद्धा, परवानगीची भानगड येते. 'इतर हक्क' रकान्यात जुन्या कुळाचं किंवा पतसंस्थेचं नाव राहिलंय का तेही पाहा. वाडा गावठाणात असेल तर त्याचा प्रश्न सोपा. आमराईतलं लॉन मात्र शेतजमिनीवर येणार, आणि कायमचा हॉल किंवा फरशी घालायची तर बिनशेतीचा आजचा नियम काय आहे ते आधी महसूल खात्यात विचारावं लागणार. इव्हेंटवाले म्हणतील, 'सगळेच करतात.' नोटीस मात्र सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला येते.

परवाने फारसे अवघड नाहीत. तुम्ही शेतकरी कुटुंब आहात, तेव्हा राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा. नाहीतर निवास-न्याहारी योजना आहेच. जेवणासाठी एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) नोंदणी, ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला, सेवांची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली तर जीएसटी. व्यवसाय तुमच्या नावाने करणार असाल तर 'आई' महिला पर्यटन धोरणाची चौकशी जरूर करा. २०२३ मध्ये आलं, त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो. न्हाणीघरं आणि वायरिंगसाठी थोडं कर्ज लागलंच तर ते या रस्त्याने. केंद्राच्या हेरिटेज हॉटेलच्या वर्गवारीत १९५० पूर्वीची वास्तू आणि किमान पाच खोल्या लागतात, त्यामुळे तूर्त ते नाव विसरा.

इव्हेंटवाल्यांना तोडून बोलू नका. त्यांना म्हणा, भाडेपट्टा नाही, दिवसाच्या हिशेबाने फक्त खळं. कार्यक्रमागणिक वेगळा लेखी करार, घसघशीत अनामत, वाड्यात प्रवेश फक्त वधू-वरांना फोटोपुरता, खिळा एकही नाही, टँकर त्यांचा आणि तोही बाहेरच्या तालुक्यातून, दहाला आवाज बंद. ऐकून ते बहुधा परत फोन करणार नाहीत. केलाच तर माणूस बरा आहे असं समजा. दहा वर्षांचा भाडेपट्टा म्हणजे मालमत्तेत हक्क देणं. पुढे मागे वाद झाला तर तुमच्याच दिंडीतून आत जायला तुम्हाला वकील लागेल. मालिकावाले आले तरी हेच. ते भिंती हव्या त्या रंगात रंगवतात आणि जाताना 'परत करून देऊ' म्हणतात.

पागेतल्या जोडप्याविषयी तुम्ही एका वाक्यात लिहिलंत. त्यांना या बेताची कल्पना आहे का? पहिल्या दिवसापासून पाहुण्यांची किल्ली त्यांच्याच हातात असणार. पगार ठरवा, पागेचं छप्पर खोल्यांच्या आधी दुरुस्त करा. आणि गावची पालखी वाड्यापुढे टेकत असेल, पोळ्याला मानाचा बैल दारात येत असेल, तर त्या दिवशी बुकिंग बंद. पाहुणे असलेच तर त्यांनी गर्दीत उभं राहून बघावं. माळवदावर खुर्च्या टाकून नव्हे.

येत्या दोन महिन्यांत एवढं करा: कोणालाही पैसे न देता तुम्ही आणि मिस्टर मिळून पंधरा रात्री वाड्यात राहा, त्यातल्या दोन-तीन भर पावसाच्या. पाहुण्याच्या खोलीत झोपा, सासूबाईंच्या शेजारी नव्हे. कुठे गळतं, कुठे डास, रात्री किती वाजता वीज जाते, नेटवर्क कोणत्या कोनाड्यात येतं, सगळं वहीत लिहा. आणि चुन्याची कळी आणून परसातल्या हौदात भिजत घालायला सांगा. वरून पाणी राहील असं बघायचं, लेकरांना जवळ फिरकू द्यायचं नाही. दिवाळीनंतर सोप्याचा गिलावा काढायचा झाला तर चुना तोवर लोण्यासारखा झालेला असेल.